कानापाशी

सहाव्या दिवशी तो पडल्यापडल्या पाय मारू लागला,
एक पुढे, एक मागे, ठेक्यात.
आत्या म्हणाली, पुण्याचंच पोर, जन्मतःच सायकल!
आम्ही हसलो. मी तर व्हिडिओ काढला.
अजून फोनमध्ये आहे. पुसत नाही, बघतही नाही.

दुपट्यांना काकवीचा वास.
घरात मेथीचे लाडू चाललेले, म्हणून
तो लाडवांच्या नावावर खपला.
न्हाऊ घालणाऱ्या हौसाबाईंनी टाळूवर तेल ओतलं
आणि तेल तिथं थांबेना, ओघळून कपाळावर आलं.
"खळगा कुठं गेला वो?"
एवढंच बोलल्या,
ओल्या हातांनीच रिक्षा थांबवली.

बारसं सहा दिवसांवर होतं.
फाइलवर लिहिलं : बेबी ऑफ शैलजा दहिवाळ.

डॉक्टरीणबाईंनी पेनाने चौकोन काढले, बाण काढले.
दुधातलं ल्युसिन फुटायला हवं, ते फुटत नाही,
साचतं. मेंदूच्या दाराशी तेच रेटारेटी करतं,
बाकीचे बाहेर ताटकळतात,
आणि आत मेंदू पाणी धरतो.
मी रविवार पेठेतला कारागीर,
मला एवढंच कळलं :
दोघांच्या सोन्यात एकच खोट होती,
एकेकटी कधी कुणाला दिसली नाही.
शैलजा माझ्या मामाची मुलगी.
लग्नात सगळे म्हणाले होते, घरचं सोनं घरात राहिलं.

आता तो चार वर्षांचा. नाव हेमांग.
ज्या काट्यावर नथीचे मोती तोलायचो
त्यावर त्याचा भात तोलतो. वीस ग्रॅम.
एखादं शीत जास्त झालं तर चिमट्याने उचलतो.
डाळ नाही, दूध नाही,
डब्यातली पावडर, चव ओल्या पुठ्ठ्याची.
मी चाखून पाहिली आहे.

पंचावन्न शब्द येतात. वहीत लिहून ठेवलेत.
गेल्या श्रावणात ताप आला.
तापात शरीर स्वतःलाच खातं, म्हणे,
आणि तेच पुन्हा साचतं.
तो भिंत धरून चालू लागला.
"पाणी" अडखळला, "चिमणी" गेला.
आठवड्याने पाणी परत आलं.
चिमणी अजून नाही.

रोज सकाळी बालवाडीच्या दारात
मी वाकून त्याच्या कानापाशी नाक नेतो.
बाई म्हणतात, बाबांचा भारी लाडका.
पापा घेतोच मी.
पण नंतर.
आधी वास.