सोडायले लागते

मे. शेचाळीसचं ऊन. सेमिनरी हिल्सच्या उतारावर
गाडी उभी, बॅटरी मेलेली.
बटन दाबते, ओढते, पुन्हा दाबते.
काहीच नाही. मग चाकाला लावायला
तापलेला काळा दगड उचलते.

‘काहून भेता बाई,’ निसार मिस्त्री म्हणतो,
स्कूटरवरून जादा बॅटरी उतरवत.
‘बटन मेलं. ब्रेक नाही मेला.
मोटरनं स्क्रू आवळला, का आवळला.
धरून ठेवायले करंट नाही लागत.
सोडायले लागते.’

चिमटे बसतात. लाल दिवा उगवतो.
ब्रेकवर पाय, बोट बटनावर,
मागच्या चाकांत बारीक कुरकुर
आणि इतका वेळ आवळलेले माझे दात
सुटतात.

पैसे घेऊन मिस्त्री गेला.
दगड?
तो मी डिकीत टाकला,
गाडीला न दाखवता.