तबकडी

नाव तिचं इंग्रजी होतं, लांबलचक.
आम्ही नुसतं 'तबकडी' म्हणायचो.
रुवीत घड्याळाच्या मनोऱ्यामागं कुंजुमोनचं कॅसेटचं दुकान,
एका भागाला तीनशे बैसे,
आणि गुरुवारी रात्री आमच्या खोलीत
चौदा माणसं, एक टीव्ही.
टीव्हीत हिरवा जरा जास्तच उतरायचा,
त्यामुळं परग्रहावरचे काय, पृथ्वीवरचे काय,
सगळे सारखेच कावीळ झालेले.

दाऊद हमदुले, वेल्डर, दाभोळचा,
पहिल्याच भागाला म्हणाला,
दार लोखंडाचं नाही, पुठ्ठ्याचं आहे.
त्यानं ढकललं तेव्हा भिंत हलली. मागं घ्या.
मागं घेतली.
हलली.
पुढं सहा महिने तो फक्त भिंती बघत होता.
एकदाच, यानाला भोक पडून हवा निसटू लागली
आणि तो पोरगेला तंत्रज्ञ बाहेर लोंबकळत सांधा जोडू लागला,
तेव्हा हमदुले उठून उभा राहिला.
"चष्मा घाल रे," म्हणाला, "डोळे जातील."

इस्माईल सरगुरोहचा राग कप्तानावर.
"तेरा भाग झाले, ह्यानं घरी छदाम धाडला नाय.
बायको काय खाते ह्याची? तारे?"

इनास डाबरे नकाशे काढायचा, कमी बोलायचा.
त्याला एकच अडचण होती:
उजाडत नाही, मावळत नाही,
मग ह्या लोकांना रविवार कसा कळतो?
कुणी हसलं नाही.
आम्ही शुक्रवारचा रविवार करून घेतलेली माणसं.

सुलोचना आवळे सिस्टर मिरजेच्या,
नवऱ्याबरोबर यायच्या, ड्यूटी नसेल तेव्हा.
डॉक्टर हात धूत नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं.
मग एकदा मधेच म्हणाल्या,
त्या यंत्राच्या माणसाला कुणी बस म्हणत नाही, पाहिलंत?
दारात नूरुल उभा होता, चहाचा ट्रे घेऊन,
दर गुरुवारी असायचा तसा.
सतरंजीवर कुणीतरी सरकलं.

ग्रहाबद्दल मात्र तक्रार नव्हती कुणाची.
तपकिरी दगड, झाड नाही, पाणी नाही,
क्षितिजाला करवतीचे दात.
पडदा बाजूला केला की
तोच खिडकीबाहेर, वर पाण्याच्या टाक्या.

सव्विसावा भाग शेवटचा.
यान वळलं. लांब एक निळा ठिपका दिसला.
कप्तान काहीतरी बोलायला तोंड उघडतो
आणि कुंजुमोनच्या मामाची वास्तुशांत सुरू होते, त्रिशूरची.
पुसून वर भरली होती.
आम्ही ती पूर्ण पाहिली.
हत्ती होता. केळीच्या पानावर काय काय वाढलं, ते सगळं.

त्यानंतर शेवट ज्याचा त्याचा.
सरगुरोह: पोचले, पण उतरून घ्यायला कुणी आलं नाही.
डाबरे: कागद अपुरे, वरच फिरत ठेवलं.
सिस्टर: माणसं उतरली,
यंत्राला मागं ठेवलं, दिवे मालवायला.
हमदुले: भिंत पडली असणार.
मी तेवीस वर्षांचा होतो, माझा पासपोर्ट
कंपनीच्या तिजोरीत. मी मत दिलं नाही.

परवा भाच्यानं सगळी मालिका पाठवली, फोनवर.
मी थेट शेवट लावला.
उतरतात. झेंडा, बँड, हस्तांदोलन.
अकरा मिनिटं. कुणी रडत नाही.
एवढ्यासाठी?

सरगुरोह आता नाही. डाबरेचा नंबर लागत नाही.
दाभोळला फोन केला.
"शेवट मिळाला," म्हटलं.
"भिंत?"
"हलली."
"बघ," हमदुले म्हणाला, आणि खूप वेळ
फोनमध्ये नुसती कोंबडी ओरडत राहिली.
त्याला आता डाव्या डोळ्यानं उजेडच तेवढा कळतो.
मग म्हणाला,
"आणि त्या पोरानं? घातला होता का चष्मा?"

बघून सांगतो, म्हटलं.