कुत्र्यापुढे शून्य

टालिनच्या बंदरात, डिसेंबर,
शेवटची फेरीबोट सुटायला चाळीस मिनिटं,
आणि तिकिटाचा दर सांगणारी सेवा
स्वतःलाच दर विचारत बसलेली.

विर्वे पडद्यापाशी वाकते.
काल तिनंच नोंदवलं होतं कंटेनरमध्ये:
दर मागितला कुणी, की लॉग लिहिणारा द्यावा.
लॉग लिहिणाऱ्यालाही आत एक दर हवाच होता,
त्यानं मागितला,
कंटेनरनं इमानदारीनं
पुन्हा त्यालाच पुढं केलं.
स्टॅक भरेपर्यंत तो
आपल्याच दाराची कडी वाजवत राहिला.

"आतल्याला नावानं सांग," तार्मो म्हणतो,
तोंडात काळा पाव.

आतला म्हणजे काल्यूचा कोड.
काल्यू मार्चात निवृत्त झाला,
सारेमा बेटावर मधमाश्या पाळतो.
त्याच्या बेरजेवर आधी कॅश चढली,
मग फसलं तर परत विचारणारा थर, मग लॉग.
कांद्यासारखं, म्हणणार होते मी,
पण कांदा सोलत गेलं की हाती काही उरत नाही.
इथं उरतं: प्रौढ, मूल, सायकल, कुत्रा,
आणि वर त्याची एक टीप,
"कुत्र्याचे पैसे घेऊ नयेत. निदान हिवाळ्यात."

विर्वे दोन ओळी बदलते.
आधी काल्यू, त्याच्या स्वतःच्या नावावर.
मग एकेक पांघरूण, क्रमानं.

रांग हलते.
लोकरी टोपीतली बाई पावती डोळ्यांजवळ धरते,
कुत्र्यापुढे शून्य.
आभार कुणाचे मानावेत, कळत नाही तिला;
काचेचे मानते.