घसरली

भद्रावतीच्या पुढं, झिबलकाकाच्या अंगणात
यंत्र मांडलं. पोलादी पेला, आत फिरणारा दंडगोल,
डुगडुगू नये म्हणून खाली पोत्याची घडी.
गाळलेली काळी माती ओतली.
आकडा आला : पातळ.

काकानं बोट बुडवलं.
"पातळ कायची वो बाई? साय हाये साय."

तीनदा मोजलं. तीनदा पातळच.

मग त्याच्याच डबीतला तंबाखूचा चुना घेऊन
मातीवर एक रेघ ओढली,
दंडगोलापासून काठापर्यंत,
आणि कळ फिरवली.

वाहती माती रेघेला वाकवते.
ही वाकली नाही.
दंडगोलापाशी तुटली, आणि राहिली तशीच पडून.
पोलादाला लागून पाण्याचा पापुद्रा असणार,
केसाहून बारीक.
दंडगोल एकटाच फिरत होता त्या ओलीत,
माती जागची हललीही नव्हती,
आणि मी वहीत लिहीत होते : वाहते.

पंक्चरवाल्या सुखदेवकडून काचकागद आणला,
दंडगोलाला गुंडाळून डकवला.
आकडा अडीचपट चढला.

काका काही बोलला नाही.
धोतराला बोट पुसलं.
भेगांमधली माती निघाली नाही.

जुने तीन आकडे मी खोडले नाहीत.
पुढं फक्त लिहिलं : घसरली.