पिसं यायचे दिवस

हर्षालीनं घेतली तेव्हा ती गुलाबी होती.
शहाद्याच्या बाजारात मोपेडला टोपलं बांधून
एकजण विकत होता रंगवलेली पिलं,
हिरवी, जांभळी, गुलाबी. दहाला एक.
मग पोरगी सुरतेला गेली, बापाच्या लूमपाठी.
पिलं राहिली माझ्याकडे.
चार मांजरीनं नेली,
उरलेल्या तिघींचा रंग धुळीत लोळून गेला.
खालून दोन पांढऱ्या निघाल्या, एक काबरी.

आता आश्विन. अंगणभर पिसं.
द्वारका झाडते, वळून पाहते, पुन्हा तितकीच.
कोंबड्या अशा दिसतात
जशी फाटकी उशी कुणी उन्हात टाकावी.
अंडी बंद.

तीस वर्षं मी जिनिंगच्या काट्यावर होतो.
गाडी भरलेली, गाडी रिकामी, वजाबाकी.
माझ्या हातून गुंजभर इकडचं तिकडे झालं नाही.
तिघींना मिळून रोज पाव किलो ज्वारी, मोजून.
मग कमी काय पडलं?
काल पांढरीनं काबरीच्या पाठीतलं पीस उपटलं
आणि गिळलं.
भांडण नव्हतं ते. काबरी ओरडलीसुद्धा नाही.

जेमलीबाई शिंदीचे झाडू घेऊन आली, डोंगराकडून.
उंबऱ्याशी टेकली, पाणी प्यायली,
बघत राहिली.
‘नुसती ज्वारी खाईसनी पिसं येतस का, दादा?’
पावली उचलून हसली.
‘पीस म्हंजे बी आंगच शे.’

ढेपवाल्याकडून शेंगदाण्याची पेंड आणली.
चोची मारल्या, बऱ्या वाटल्या.
मग सुकट आणली, शंभर ग्रॅम, कागदात,
तो कागद दुसऱ्या कागदात, तो पिशवीत.
द्वारकेच्या गळ्यात माळ.
तिनं काही म्हटलं नाही,
फक्त देवघराचं दार लावलं, मग खिडकी,
मग माझं जेवणाचं ताट परसात आणून ठेवलं.
सुकट, ताट आणि मी,
तिघं कडुनिंबाखाली.

शेवटी मडकं.
जेमलीबाईनं सांगितलं तसं:
आत ओलं शेण, कडब्याचे तुकडे, बारदानाची चिंधी,
आणि संध्याकाळी पालथं घालायचं
वाळवीच्या वारुळावर.
वारूळ शोधावं लागलं नाही.
न्हाणीमागून निघून, भिंतीतून,
ते माझ्या ट्रंकेपर्यंत आलेलं आहे केव्हाचं.
तीस वर्षांच्या पावत्या होत्या त्यात.
गेल्या वर्षी उघडली तर नुसती माती,
कागदाच्या आकाराची.
तेव्हा पावडर आणायला निघालो होतो.
बरं झालं, विसरलो.

बारदान जिनचंच होतं.
निळ्या शाईत कंपनीचं नाव, खाली वजन.
सकाळी मडकं उलटलं
तर नावाची दोन अक्षरं शिल्लक,
बाकी सगळं पांढरं, वळवळतं.
कोंबड्या धावल्या.
धावल्या म्हणजे, उघड्या पंखांनी,
लाज सोडून, एकमेकींच्या अंगावरून.
एवढी घाई मी फक्त दिवाळीआधी
कापूस घालायला आलेल्या गाड्यांची पाहिलीय.

ते किती ग्रॅम होतं, मोजलं नाही.
काटा घरात आहे, पितळी, चांगला.
काढावासा वाटला नाही.

नववा की दहावा दिवस.
काबरीला धरून मांडीवर घेतलं,
पाठीवर बोट फिरवलं. टोचलं.
सुया आल्यात, दाट,
जशी ज्वारी उगवून यावी भेगांच्या रानात.
द्वारका दारातून म्हणाली, ‘आली का?’
आणि हात पुसत जवळ आली.
सुकटीचं पुडकं माझ्या खिशातच होतं,
तिला वास आला असणार.

रात्री सुरतेहून फोन. मागं लूमची खडखड.
‘बाबा, पिसं आली?’
‘सुया आल्यात.’
‘कोणत्या रंगाच्या?’
मी बॅटरी घेऊन खुराड्याशी गेलो.
काबरीनं एक डोळा उघडला, मिटला.
नव्या पिसाच्या नळीत रक्त असतं,
हे मला आज पहिल्यांदा दिसलं.
‘टोकाला पांढऱ्या,’ मी म्हटलं,
‘आणि मुळाशी, थांब हं, नीट बघून सांगतो,
मुळाशी गुलाबी.’