जुना-जुना उमरेड रोड

शालिकराम निनावे, बांधकाम खात्यातले रंगारी,
माझा बाप. मैलाचे दगड रंगवायचा.
राज्यमार्ग म्हणजे डोकं हिरवं, अंग पांढरं,
वर काळा आकडा, चाराची गाठ खाली घट्ट.

तेव्हा रस्ता महालातून निघायचा,
मागांची खटखट दोन्ही कानांनी ऐकत
सक्करदऱ्याला वळायचा,
आणि आमच्या दारासमोर, चार नंबरच्या दगडापाशी
भिवापुरी मिरचीचे ट्रक गिअर बदलायचे.
आई म्हणायची, शिंक आली की समजावं,
पावणेपाच झाले.

मग नकाशावर कोणी पेन्सिलीनं एक कंस काढला.
मिरची रिंग रोडनं जाऊ लागली.
बापाला हुकूम आला : उमरेड ४१ खोडा, ४३ लिहा.
चुन्याचे दोन हात देता देता तो म्हणाला,
"पाह्य बरं, उमरेड जागचं हाललं नाही
अन् दोन किलोमीटर दूर गेलं."

उदाराम ठवकराचं टायरचं दुकान
वर्षभर तसंच उघडं राहिलं.
मग त्याच फळीवर आलूबोंडे आले,
मग मोबाईलची कव्हरं.
आमचा रस्ता महानगरपालिकेला दिला, एका कागदानं,
जुनी सायकल धाकट्याला द्यावी तसा.
नालीच्या कामात दगड उपटला गेला.
बेबीनंदा परातेनं तो नळापाशी बसवून घेतला.
चादरी आपटून आपटून
चाराची गाठ आधी सुटली.

झाडं मात्र कोणी सरकवली नाहीत.
दिघोरीकडं लेआउट पडले, प्लॉट सगळे काटकोनात,
आणि त्यांच्यातून तिरपी जाते कडुनिंबांची रांग :
एक कोणाच्या पार्किंगमध्ये,
एक जिमच्या भिंतीत अर्धा,
एक बिल्डरनं कापला, तिथल्या टाइल्स दर उन्हाळ्यात फुगतात.
बुंध्यांना गेरू-चुना बापानं मारलेला.
साल सुटली की कुठं कुठं अजून लाल दिसतं.

पुढं तो रिंग रोडही गावातच आला.
हायवे आणखी बाहेर गेला, उंच भरावावर.
नंबर बदलला. दगडांची डोकी पिवळी करायला
ठेकेदाराची पोरं आली, स्टेन्सिल घेऊन.
बाप निवृत्त. माझ्या स्कूटरवर मागं बसून पाहून आला.
"आकडे सरळ हायेत," म्हणाला.
घर आल्यावर, चप्पल काढताना,
"लयच सरळ."

आता पत्ता सांगायचा तर पंचाईत.
रिंग रोडवाला तो जुना उमरेड रोड,
आमचा तो जुना-जुना.
कुरिअरवाला फोन करतो, मॅडम, मॅपवर दोन येतात.
मी म्हणते, कडुनिंब धरून या.

परवा रात्री गल्लीत एक ट्रक अडकला.
ड्रायव्हर म्हातारा, भिवापूरचाच.
"इथूनच निघे ना जी रस्ता?"
सगळ्यांनी उठून आपापल्या गाड्या बाजूला घेतल्या,
पोत्यांची धूळ पडदे ओलांडून आत आली.

आतल्या खोलीत बाप झोपेत शिंकला.
"पावणेपाच झाले काय वं?"
घड्याळात अडीच.
मी म्हटलं, हाव.