कोपरातून तिसरी थाप

तूरिड फावडं घालते.
वरचा हातभर बर्फ कालचा,
फुंकर मारली तरी उडेल असा.
त्याखाली मंगळवारच्या वाऱ्याने
पश्चिमेकडून उचलून इथे थापलेला,
फावड्याला ठक्क म्हणणारा.
त्याखाली काचेसारखी एक पातळ पापुद्री:
फेब्रुवारीत एकच दुपार फ्योर्डवर पाऊस पडला होता,
माणसं विसरली. डोंगराने जपून ठेवलाय.

आणि तळाशी, दगडांना लागून,
नोव्हेंबर.
मुठीत घेतला तर मूठ वळत नाही,
जाड्या साखरेसारखा बोटांतून गळतो.
अख्खा हिवाळा याच्यावर रचलेला.

करवतीने ती एक खांब कापते,
माथ्यावर फावड्याचं पातं ठेवते, थापा मारते.
मनगटातून दहा. काही नाही.
कोपरातून एक, दोन,
तिसरीला
खांब तळातून सुटून पुढे येतो,
मेण लावलेला खण यावा तसा, बिनआवाज.

खालून दोघं चढत येतात,
यूस्टाइन आणि त्याची मेहुणी मारित.
भुवयांवर श्वास गोठलेला.
"काय म्हणतोय?" तो हळूच विचारतो,
आजाऱ्याच्या खोलीबाहेर विचारतात तसं.
"तीन."
"पाचातले ना? म्हणजे चार नाही."
तूरिड वाद घालत नाही.
त्याच्या हातमोज्यावर ओंजळभर नोव्हेंबर ओतते.

तेवढ्यात मारित थर्मास काढायला
एक पाऊल बाजूला सरकते,
आणि हुम्म.
कानांना नाही, आधी गुडघ्यांना कळतं.
त्यांच्या पायांपासून निघालेली एक बारीक भेग
दूरच्या खडकापर्यंत धावत जाते, थांबते.
कुणी कॉफी मागत नाही.

खड्डा बुजवून तिघं आल्या वाटेने उतरतात,
एकेकटे, अंतर ठेवून.
मागे उतार तसाच,
ऊन पडलेला, एकही रेघ नसलेला.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून,
दुर्बिणीत,
त्याच उतारावर नागमोडी दोन रेघा.
कोणीतरी माथ्यावरून उतरून गेलं.
सुखरूप. खाली गाडीच्या चाकोऱ्यासुद्धा दिसतात.

तूरिड बराच वेळ बघते.
परत फिरलेल्यांना डोंगर पावती देत नाही.

मग ती बसते, उद्याच्या रकान्यात
तीन लिहिते,
आणि मारितचा विसरलेला थर्मास
विसळून पालथा घालते.